गालिचा उलटून पाहावा

या व्याख्यानमालेत गालिच्याविषयी बोलण्याचे आम्ही कबूल केले, तेव्हा आमच्या एका स्नेह्याने विचारले, ‘पाहुणा आला की सतरंजी झटकून अंथरणारी आपण माणसे. ज्वारी-कापसाच्या या मुलखात इराणी गालिच्याचे पुराण कशाला?’ प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यातील जुन्या घरांत गुंडाळून ठेवलेले सापडते. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरी खोऱ्यातील रेल्वे सुरू झाली आणि येथील वकील, सावकार, देशमुख, जहागीरदार यांना हैदराबादचा बाजार एका रात्रीच्या प्रवासावर आला. तेथून अत्तरे आली, हंड्या-झुंबरे आली, तसे गालिचेही आले. १९४९ साली जहागिऱ्या संपल्या, पुढे एकत्र कुटुंबे फुटली, माळवदाची घरे पाडून तेथे सिमेंटची उभी राहिली, आणि माळ्यावर पडलेले ते गालिचे खाली उतरू लागले. कोणी ते विकतात, कोणी वाटून घेतात. दुसरीकडे ज्यांनी नवी घरे बांधली, त्यांना दिवाणखान्यात ‘जुना इराणी’ गालिचा असावा असे वाटू लागले आहे. विकणारा आणि घेणारा असे दोघेही एकाच अज्ञानात आहेत, म्हणून हा विषय.

एका घरची गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. दोघे भाऊ वेगळे होत होते. शेत वाटले, भांडी वाटली, आणि अखेर बैठकीतला गालिचा उरला. एकवीस फूट लांब, साडेआठ फूट रुंद. आजोबांनी हैदराबादहून आणलेला, ‘अस्सल इराणी, दोनशे वर्षांचा’ अशी घरात पिढीजात समजूत. धाकट्याचे म्हणणे, ‘दादा, मधोमध कापू. तुमच्याकडं अर्धा, माझ्याकडं अर्धा. उद्या कुणाच्या मनात किंतु नको.’ थोरल्यालाही ते पटले होते. म्हातारी आई तेवढी म्हणत होती, ‘अरे, धोतर फाडून दोन पंचे होतात. याचं तसं होतं का, ते कुणाला तरी विचारा.’ विचारायला आम्हांला बोलावले. आम्ही काही या धंद्यातले नव्हे. हैदराबादला नोकरीनिमित्त काही वर्षे काढली, तेथे एका वृद्ध रफूगाराच्या दुकानी संध्याकाळी बसत असू, एवढीच आमची विद्या. त्या रफूगाराने शिकविलेली पहिली गोष्ट आम्ही केली. चार माणसे लावून गालिचा उलटा केला.

आता उलटा का, हे समजण्यासाठी गालिचा होतो कसा ते पाहिले पाहिजे. मागावर प्रथम उभे धागे ताणतात, तो ताणा. तो बहुधा सुताचा, भटक्या टोळ्यांच्या कामात लोकरीचा, आणि फार मौल्यवान कामात रेशमाचा असतो. ताण्याच्या दर दोन धाग्यांना रंगीत लोकरीची एकेक गाठ मारायची आणि तिची टोके पुढे काढून कापायची. गाठींची एक ओळ पुरी झाली की आडवा धागा, म्हणजे बाणा, एकदा किंवा दोनदा घालायचा आणि पंज्याने ठोकून बसवायचा. मग पुढची ओळ. पुढे निघालेली लोकरीची टोके सारखी कातरली की वरची मऊ लव तयार होते. खाली-वर लोंबणाऱ्या ज्या दशा आपण पाहतो, त्या कोणी मागाहून शिवलेली झालर नव्हे; ती ताण्याचीच टोके होत. याचा अर्थ असा की, लव हे गालिच्याचे तोंड आहे आणि पाठ हे त्याचे हाड आहे. तोंडाला रंगरंगोटी करता येते, हाडाला करता येत नाही.

या कामाला लागणारे कष्ट ध्यानात यावेत म्हणून एक हिशेब करू. नऊ फूट बाय बारा फुटांचा गालिचा घ्या. चौरस इंचात १०० गाठी, म्हणजे मध्यम प्रतीचे काम. एकंदर गाठी झाल्या १५,५५,२००. एका विणकराने दिवसाकाठी ८,००० गाठी मारल्या असे धरले तरी १९४ दिवस. मोठ्या गालिच्यावर तीन-चार माणसे शेजारी शेजारी बसतात ती यासाठी.

पाठ पाहिली की चार गोष्टी तत्काळ कळतात. एक, पुढची नक्षी मागेही तितकीच स्पष्ट दिसते का. हातगाठीच्या कामात ती दिसतेच. दुसरी, ओळी किंचित वाकड्या-तिकड्या आहेत का. हाताचे काम थोडे चुकते, यंत्राचे चुकत नाही. तिसरी, पाठीला कापड चिकटवले आहे काय. तसे असेल तर आत गाठी नाहीतच. बंदुकीसारख्या अवजाराने लोकर टोचून मागे डिंकाने धरलेली असते. असा माल वाईट म्हणून नव्हे, पण तो जुना गालिचा नव्हे, आणि दहा-पंधरा वर्षांत त्याचा डिंक भुकटी होऊन गळू लागतो. चौथी, दशा ताण्यातून आल्या आहेत की शिवून लावल्या आहेत. शिवलेल्या दशा दिसल्या म्हणजे गालिचा यंत्रावरचा तरी असतो, नाही तर त्याचे टोक झिजून किंवा कापून गेलेले असते.

त्या दोघा भावांच्या गालिच्याची पाठ उत्तम होती. सुताचा ताणा, घट्ट ठोकलेला बाणा, गाठी अंगठ्याखाली दाणेदार लागत होत्या. मात्र एका टोकाला आम्हांला आडवी शिवण लागली. तिन्ही बाजूंची किनार वीतभर रुंद, आणि या चौथ्या बाजूची चार बोटेच. कोपऱ्यातली वेल मध्येच तुटलेली. म्हणजे हा गालिचा पूर्वी एकदा कापला गेला होता. आम्ही तसे बोललो तेव्हा आईला आठवण झाली की, सासऱ्यांच्या वेळी कंदील कलंडून एक टोक जळाले होते. मोठा गालिचा घेताना चारी बाजूंची किनार टेपाने मोजावी, ती यासाठी. जागेत बसावेत म्हणून, जळालेले लपवावे म्हणून, एकाचे दोन विकावेत म्हणून गालिचे कापण्याची रीत फार जुनी आहे.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्याला अर्दबीलचा गालिचा म्हणतात. त्यावर काशानच्या मकसूद नावाच्या माणसाचे नाव आणि हिजरी ९४६, म्हणजे इ. स. १५३९-४० हे साल विणलेले आहे. लांबी सुमारे साडेदहा मीटर, रुंदी पाच मीटरांहून अधिक, आणि गाठी अडीच कोटींच्या वर. त्या संग्रहालयाने १८९३ साली तो दोन हजार पौंडांना घेतला. घ्यावा असा सल्ला देणाऱ्यांत कवी व कारागीर विल्यम मॉरिस होता. परंतु या गालिच्याला एक जुळा भाऊ होता. दोन्ही जीर्ण झालेले, तेव्हा एकाचे तुकडे काढून दुसरा दुरुस्त केला गेला. जो पुरा झाला तो लंडनला राहिला. ज्याचे काठ गेले तो हिंडत हिंडत अमेरिकन धनिक जे. पॉल गेटी याच्याकडे आला आणि १९५३ साली त्याने तो लॉस एंजलिसच्या संग्रहालयास दिला. तोही सुंदर आहे. पण किनार नसलेला गालिचा म्हणजे काठ नसलेले लुगडे.

आता कापण्याचा प्रश्न. आम्ही भावांना पाठीवर बोट ठेवून दाखविले. उभा कापाल तर प्रत्येक बाणा तुटेल, आडवा कापाल तर प्रत्येक ताणा तुटेल. गाठी केवळ या दोन धाग्यांच्या पकडीत आहेत. पकड सुटली की कडेची लोकर त्याच दिवसापासून गळू लागते. शिवाय तुमच्या वाटणीला सव्वाचार फुटांची एकेक पट्टी येईल, तिला एकाच बाजूस काठ. पुऱ्या गालिच्याचे जे मोल, त्याचे निम्मे काही प्रत्येकाच्या हाती यायचे नाही. धाकटा गप्प झाला. थोरल्याने विचारले, ‘पण हा इराणी आहे ना?’

हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो, आणि आमच्या मते तो पहिला विचारायचा प्रश्न नव्हे. गालिच्यांच्या दुनियेत नावे फार फसवी आहेत. गाठीचेच पाहा. ताण्याच्या दोन्ही धाग्यांना वेढा घालणारी गाठ ती तुर्की, आणि एकाला पुरा वेढा घालून दुसऱ्याच्या नुसते मागून जाणारी ती इराणी, असे म्हणतात. परंतु तब्रीझ, हेरीझ, बिजार, हमदान ही सगळी इराणातली गावे, आणि तेथले विणकर बव्हंशी तुर्की गाठच मारतात. इराणी गाठीला पाश्चात्त्य व्यापाऱ्यांनी सेन्ने या इराणी शहराचे नाव दिले. त्या शहरातले विणकर स्वतः तुर्की गाठ मारतात! हिंदुस्थानातील विणकर मात्र इराणी गाठ मारीत आले. तेव्हा गाठीवरून देश ठरत नाही.

नक्षीवरूनही ठरत नाही. त्या घरच्या गालिच्यावर हेराती म्हणतात ती नक्षी होती : शंकरपाळ्यासारख्या चौकटीत एक फूल आणि भोवती चार वाकलेली पाने. ही पाने माशांसारखी दिसतात म्हणून इराणात या नक्षीला ‘माही’, म्हणजे मासा, असे नाव आहे. ती इराणभर विणली गेली, आणि आपल्याकडेही विणली गेली. अबुल फजलाच्या ‘आईन-ए-अकबरी’त अकबराने आग्रा, फत्तेपूर आणि लाहोर येथे गालिच्यांचे कारखाने काढल्याचे लिहिले आहे, त्यांच्या कामापुढे इराणच्या मालाची कोणी आठवण काढीत नाही, अशी प्रौढीही आहे, आणि व्यापारी तरीही तो माल आणीतच असतात अशी कबुलीही आहे. निजामाच्या राज्यातच वरंगळला गालिच्यांचा मोठा उद्योग होता. १८५१ साली लंडनला भरलेल्या महाप्रदर्शनात वरंगळचे गालिचे मांडले गेले होते. आज तेथे दऱ्या होतात, आणि २०१८ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. पुढे इंग्रजी अमदानीत तुरुंगांतून गालिचे विणविण्यात आले. आपल्या येरवड्याच्या तुरुंगातले प्रसिद्ध होते. आग्र्याच्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला प्रचंड गालिचा १८९४ पासून विंडसरच्या राजवाड्यात आहे. हैदराबादच्या बाजारातून आपल्या जिल्ह्यात आलेला गालिचा इराणहूनच आला असला पाहिजे असे नाही, तो वरंगळहूनही आलेला असू शकतो. त्या भावांना आम्ही एवढेच सांगितले की, काम हातचे आहे, लोकर उत्तम आहे आणि वय शंभरीच्या घरात आहे. थोरल्याचा चेहरा थोडा उतरला. आम्हांला त्याचे वाईट वाटले. जो गालिचा त्याच्या चार पिढ्यांनी वापरला, तो वरंगळचा निघाला तर खालावतो आणि इराणचा निघाला तर चढतो, हे काय गणित?

अस्सल जुने इराणी गालिचे आपल्या देशात आलेच नाहीत असे मात्र समजू नये. जयपूरच्या अल्बर्ट हॉल संग्रहालयात इराणी बागेचा एक गालिचा आहे. पाटांतून वाहणारे पाणी, त्यात मासे, काठाने झाडे, पाखरे, असा जणू वरून पाहिलेला बगीचा. १९३७ साली आंबेरच्या राजवाड्यातील एका बंद खोलीत तो सापडला; त्याच्या पाठीवरील चिठ्ठीत १६३२ सालची नोंद होती. आपल्याला जवळचे म्हणजे हैदराबादचे सालारजंग संग्रहालय. १९५१ साली ते सुरू झाले आणि त्यात इराणी गालिचे पाहावयास मिळतात. गालिचा विकत घेण्यापूर्वी तेथे एक दुपार घालवावी. दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा ती अधिक शिकवील.

वयाबद्दल दुकानात सर्वांत अधिक असत्य बोलले जाते. या व्यापारात शंभर वर्षांपुढील गालिच्याला पुरातन म्हणण्याचा संकेत आहे. दोनशे-तीनशे वर्षांचा, सबंध आणि वापरण्याजोगा मोठा गालिचा इतका दुर्मिळ की, तो संग्रहालयाच्या वाटेवर असतो, आपल्या नव्हे. आकारावरून वयाचा एक अंदाज बांधता येतो. जुनी इराणी दालने लांब आणि अरुंद. त्यांत चार गालिच्यांचा मेळ घालीत : मध्ये एक लांबट, दोन्ही कडांना दोन अरुंद पट्ट्या, आणि डोक्याच्या बाजूस एक आडवा, तेथे घरचा वडीलधारा आणि मानाचा पाहुणा बसे. त्यामुळे जुने मोठे गालिचे पुष्कळदा सात फूट बाय अठरा फूट अशा मापाचे असतात. पुढे १८८० नंतर मँचेस्टरच्या झीग्लर कंपनीने सुलतानाबाद, म्हणजे आजचे अराक, येथे बस्तान बसविले आणि युरोपातील चौरस दिवाणखान्यांच्या मापाने गालिचे विणून घेण्यास आरंभ केला. दुसऱ्या कंपन्याही आल्या. तेव्हा नऊ बाय बारा, दहा बाय चौदा अशा सोयीच्या मापाचा गालिचा दाखवून कोणी ‘शहाजहानच्या वेळचा’ म्हणू लागला, तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

आणि येथे आम्हांला एक मौज वाटते. आपले माळवदाचे घर लाकडी तुळयांवर उभे; तुळई जेवढी लांब तेवढीच खोली रुंद, लांबी मात्र हवी तितके खण वाढवा. म्हणून आपल्या जुन्या बैठकी लांबट आणि अरुंद. तो जुना लांबट गालिचा युरोपियनांना अडचणीचा वाटला, पण मराठवाड्यातल्या ओसरीवर तो जणू मापाने बेतल्यासारखा बसला. दुसरे साम्य असे की, इराणी माणूसही जोडे दाराबाहेर काढून गालिच्यावर मांडी घालून बसतो. खुर्च्या-मेजांच्या पायांखाली तो घालण्याची रीत पश्चिमेची. ज्यांच्या घरी लोड-तक्क्यांची बैठक अजून आहे, त्यांना गालिच्याचा खरा उपयोग आहे. ज्यांच्या दिवाणखान्यात सोफ्यांनी सगळी जमीन अडविली आहे, त्यांनी एवढ्या खर्चात पडू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. सोफ्याखाली काय अंथरले आहे ते केवळ केरसुणीलाच कळते.

माप घेताना भिंतीपासून चोहोकडे हातभर नाही तरी फूटभर जमीन मोकळी सोडावी. बारा बाय अठराच्या खोलीला दहा बाय सोळाचा गालिचा पुष्कळ झाला. घेण्यापूर्वी तेवढ्या जागेवर जुनी वर्तमानपत्रे पसरून दोन दिवस वावरून पाहावे. दार उघडताना अडते का, देवघराकडे जाण्याची वाट त्यावरूनच पडते का, ते कळते. वजनाचाही विचार असू द्यावा. नऊ बाय बाराचा लोकरी गालिचा पस्तीस ते पन्नास किलो भरतो. याहून मोठा असेल तर तो दरवर्षी हलवायला चार माणसे लागतील. आणि तो दरवर्षी हलवावाच लागतो, त्याचे कारण पुढे येईल. लवेला एक दिशा असते. एका टोकाकडून पाहिले तर गालिचा फिका दिसतो, दुसऱ्याकडून गडद. दुकानदार अर्थातच तो बरा दिसेल तसा अंथरतो. आपण दोन्हीकडून पाहावा.

आता रंग. येथे आम्ही स्वतः पोळलो आहोत. रफूगाराच्या संगतीला लागण्यापूर्वीची गोष्ट. एका मोठ्या शहरात आम्ही सहा बाय नऊचा एक गालिचा घेतला, दीडशे वर्षांचा म्हणून. मंद तांबूस रंग, अगदी खानदानी. पहिल्याच पावसाळ्यात वरचे छत गळले आणि सकाळी पाहतो तो तांबडा रंग पांढऱ्या वेलींत उतरलेला, आणि मधल्या झिजलेल्या जागेवरची काळी शाई वाहून गेलेली. झिजेवर शाई फिरवून ती झाकली होती. पुढे रफूगाराने त्याची लव बोटांनी फाकून दाखविली. वर मंद तांबूस, आणि मुळाशी भडक गुलाबी! रासायनिक रंगाचा ताजा गालिचा क्षारांच्या पाण्याने धुऊन म्हातारा केलेला. विकणाऱ्याला बोल लावून काय होणार? आम्ही तो वरून पाहिला होता, मुळाशी पाहिला नव्हता.

पहिला कृत्रिम रंग १८५६ साली इंग्लंडात पर्किनने शोधला आणि पुढील काही दशकांत असे रंग इराणच्या बाजारात पोहोचले. आरंभीचे ते स्वस्त रंग इतके कच्चे होते की, गालिच्यांचा व्यापार बुडेल म्हणून इराणच्या सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. त्यापूर्वीचे रंग आपल्याही ओळखीचे : तांबड्याला मंजिष्ठाच्या जातीचे मूळ, निळ्याला नीळ, पिवळ्या-तपकिरीला डाळिंबाची साल आणि अक्रोडाची टरफले. काळपट तपकिरी रंगात लोखंडाचा अंश घालीत. तो लोकरीला हळूहळू खातो. म्हणून खऱ्या जुन्या गालिच्यात काळ्या रेघा आजूबाजूच्या लवेपेक्षा खोल गेलेल्या लागतात. बोट फिरवून पाहावे. ही खूण हुबेहूब उठविणे फसविणाऱ्यालाही कष्टाचे आहे. निळ्या किंवा तांबड्या जमिनीत मध्येच एखादा पट्टा फिकट-गडद दिसला तर तो दोष मानू नये. रंगवलेल्या लोकरीचा एक घाणा संपून दुसरा लागला एवढाच त्याचा अर्थ, आणि तो पाहून आम्हांला तरी विणकराच्या घरात डोकावल्यासारखे वाटते. परीक्षा सोपी आहे. पांढरा रुमाल ओला करून कोपऱ्यात जोराने घासावा. रंग उतरला तर रुमाल खिशात घालून घरी यावे.

गाठी किती, याला खरेदीदार नको तितके महत्त्व देतात. काशानचे बारीक काम चौरस इंचात दोनशे गाठींच्या पुढे जाते, हेरीझचे जाडेभरडे त्याच्या चौथाईवर भागते. पण हेरीझची लोकर चिवट, नक्षी ठसठशीत, आणि मोठ्या खोलीत दूरवरून तीच उठून दिसते. बिजारचा गालिचा तर इतका ठासून विणलेला की, तो गुंडाळतानाही जपावे लागते, पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. पाहायचे ते हे की, गाठ दोनच धाग्यांना आहे ना. चार धाग्यांना मिळून एकच गाठ मारण्याची एक लबाडी आहे, तिला जुफ्ती म्हणतात. कष्ट निम्मे, लवही निम्मी, आणि झीज दुपटीने. नवा गालिचा घेणाऱ्यांसाठी येथेच एक शब्द : लहान बोटांचे बारीक काम म्हणून जे कौतुक केले जाते, ते पुष्कळदा खरोखरीच लहान मुलांच्या बोटांचे होते. १९९४ साली कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने बालमजुरीविना विणलेल्या गालिच्यांसाठी खूणचिठ्ठी सुरू झाली, ती यामुळे. नव्यावर ती पाहावी.

झीज ही जुन्या गालिच्याला असणारच. सारखी, हलकी झीज प्रामाणिक असते. भ्यावे ते कुजण्याला. जमिनीची ओल लागून सुताचा ताणा आतून कुजतो, वरून काही दिसत नाही. मालकाची परवानगी घेऊन दोन्ही हातांनी एक जागा हळूच दुमडावी; करकर असा सुतळी तुटल्यासारखा आवाज आला तर त्या गालिच्याला औषध नाही. रफू केलेल्या जागा मात्र दोष समजू नयेत. चांगला रफू पाठीवरूनच ओळखू येतो.

व्यवहार ठरला की पावती लेखी घ्यावी : कोठला, अदमासे किती जुना, लोकर-सूत काय, रफू कोठे कोठे, आणि सांगितल्याप्रमाणे न निघाल्यास परत घेणार की नाही. खरा विक्रेता हे लिहून देण्यास कचरत नाही. शंभर वर्षांपुढील कलाकुसरीच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा लागू होतो. त्यांचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या परदेशी पाठविता येत नाहीत. ‘अस्सल दीडशे वर्षांचा’ म्हणणाऱ्याला परवाना विचारला की, गालिच्याचे वय पुष्कळदा जागच्या जागी साठ-सत्तर वर्षांनी कमी होते!

राहता राहिली निगा. आपल्या मुलखात गालिच्याचे तीन शत्रू : काळ्या मातीची धूळ, पावसाळ्याची ओल आणि कसर. धूळ लवेच्या मुळाशी बसते आणि प्रत्येक पावलाबरोबर लोकर करवतीसारखी कापते. म्हणून महिन्यातून एकदा गालिचा पालथा घालून पाठीवर हलक्या हाताने थापट्या द्याव्यात. वरून काठीने झोडपू नये. चहा सांडला तर पांढऱ्या कापडाने टिपावा, चोळू नये. चैत्र-वैशाखात खिडकीतून पडणारा कडक तिरपा उन्हाचा पट्टा एकाच जागी रोज पडू देऊ नये. लंडनच्या त्या अर्दबीलच्या गालिच्यावर दिवेसुद्धा दर अर्ध्या तासाला दहा मिनिटेच लावतात. कसरीला हवा असतो अंधार आणि शांतता. तिचा पतंग कपाटाखाली, खाटेखाली, जेथे कोणी हलवीत नाही तेथे अंडी घालतो आणि अळ्या लोकर खातात. डांबरगोळ्यांवर सगळी भिस्त ठेवू नये. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या धुण्यात, खाटा-कपाटे हलवून सबंध गालिचा बाहेर काढावा, दोन्ही बाजूंनी सकाळचे ऊन द्यावे आणि फिरवून अंथरावा, म्हणजे वाटेची झीज एकाच जागी होत नाही. ठेवून द्यायचा तर घडी नको. बांबूवर गुंडाळावा आणि सुती चादरीत बांधावा.

त्या दोघा भावांनी गालिचा कापला नाही. तो एक वर्ष थोरल्याकडे आणि एक वर्ष धाकट्याकडे असावा असे आईने ठरविले. दर दसऱ्याला तो टेम्पोतून एका घरून दुसऱ्या घरी जातो. गेल्या वर्षी धाकट्याच्या अंगणात उलगडला तेव्हा एका कोपऱ्यात तळहाताएवढी जागा कसरीने खाल्लेली निघाली. ‘हे दादाच्या खाटेखाली झालं,’ धाकटा म्हणाला. ‘माझ्याकडं तिथं खाटच नाही,’ थोरला म्हणाला. आम्ही त्यांना आमच्या ओळखीच्या रफूगाराच्या मुलाचा पत्ता दिला, आणि त्याचे बिल दोघांनी निम्मे निम्मे भरले.